टरफले कोणी उचलावीत?
(माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या वर्तनासंबंधी एक पाठ)

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की प्रत्येक माध्यमिक शाळा पालकांच्या हाती नियमांचे एक पत्रक देते. विद्यार्थ्याने वेळेवर यावे, गणवेश स्वच्छ ठेवावा, गृहपाठ पुरा करावा, शिक्षकांशी नम्रतेने बोलावे, बाकांवर नावे कोरू नयेत, परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब करू नये, अशी ती कलमे असतात. पत्रकाखाली पालक सही करितात, मूल सही करिते, आणि पत्रक दप्तरात जाते. त्या सहीने आपण कोणत्या गोष्टीस बांधले जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार करावा एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची आख्यायिका ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. वर्गात टरफले पडलेली होती. ती कोणी टाकली हे कोणी सांगेना, म्हणून गुरुजींनी सर्वांसच ती उचलण्यास फर्माविले. आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत, सबब टरफले उचलणार नाही, असे बाळने निक्षून सांगितले. ही कथा आपण मुलांस मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु आपल्याच मुलाने उद्या वर्गात असे उत्तर दिले, तर आपण त्यास सत्यनिष्ठ म्हणू की उद्धट? या प्रश्नाचे उत्तर देताना आपण जरासे अडखळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता दुसरे उदाहरण पाहू. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाचे काम त्यांजकडे आले. मुले शाळेत गेली म्हणजे गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घड्या करून ठेवीत. त्याबद्दल रागाचा शब्द नाही, उपदेश नाही. मुले परत येऊन पाहत, काही दिवस आश्चर्य करीत, आणि मग स्वतःच्या लाजेने आपल्या खोल्या आपणच झाडू लागत. येथे टरफले टाकणारी मुले होती आणि उचलणारे गुरुजी होते.

ही दोन उदाहरणे वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. एकाने दुसऱ्याची घाण उचलण्याचे नाकारले. दुसऱ्याने न सांगता ती उचलली. वास्तविक त्यांत विरोध नाही. बाळने नाकारली ती शिक्षा होती. गुरुजींनी पत्करली ती सेवा होती. न केलेल्या अपराधाचा दंड कोणावरही लादू नये, हा न्याय होय. आपण न केलेला कचराही आपलाच मानून आपखुशीने उचलावा, हे शील होय. आणि या दोहोंच्याही आधी एक पायरी आहे. आपण टाकलेली टरफले आपण उचलावीत, ती सत्यता होय. माध्यमिक शाळेत मूल साधारणतः सोळाव्या वर्षापर्यंत असते. याच वयात या तीन पायऱ्या त्यास चढावयाच्या असतात. शाळेच्या पत्रकातील सर्व कलमे या तिहींपैकी एकीत बसतात.

पहिली पायरी : आपली टरफले

मुलाने चुका करू नयेत अशी अपेक्षा कोणतीही शहाणी शाळा करीत नाही. केलेली चूक त्याने नाकारू नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ही अपेक्षा सोपी दिसते. पण ती मोडली जाते ती बहुधा घरात.

उदाहरणार्थ, हजेरी घ्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस बसण्यास ७५ टक्के उपस्थिती लागते. घरी लग्नकार्य निघते, आठ दिवस गावी जाणे होते, आणि परत आल्यावर वडील चिठ्ठी लिहितात, की मुलास ताप आला होता. ती चिठ्ठी घेऊन जाणारे मूल चौदा वर्षांचे असते. त्यास वाचता येते. वाटेत ते ती वाचते. सत्य हे पुस्तकात लिहिण्यासाठी असून कार्यालयात दाखविण्यासाठी दुसरेच काही असते, हा धडा त्यास शाळेने दिलेला नसून वडिलांच्या हस्ताक्षराने दिलेला असतो. त्याऐवजी ‘घरच्या लग्नासाठी नेले होते’ असे लिहून मुख्याध्यापकांचा एखादा कडू शब्द ऐकून घेतला, तर काय बिघडते? कडू शब्दाचे दुःख दोन दिवसांचे असते.

परीक्षेतील नकलेचे, ज्यास मुले ‘कॉपी’ म्हणतात, तेही असेच आहे. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांस आळा घालण्यासाठी १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मार्च २०१५ मध्ये बिहारमधील वैशाली जिल्ह्यातील एका परीक्षा केंद्राचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. त्यात मुलांना चिठ्ठ्या पोहोचविण्यासाठी इमारतीच्या भिंतीवर माणसे चढलेली होती. ती माणसे कोण होती? मुलांचे नातलग आणि स्नेही. बिहारास हसण्याचे कारण नाही. ‘जरा त्या केंद्रावर कोणी ओळखीचे आहे का पाहा’ असे ज्या घरात म्हटले जाते, त्या घरातील माणसे भिंतीवर चढली नाहीत एवढाच काय तो फरक.

आणि काही टरफले अशी असतात, की ती एकदा टाकली म्हणजे पुन्हा गोळा करिता येत नाहीत. आज माध्यमिक शाळेतील पुष्कळ मुलांच्या हाती मोबाईल फोन असतो. वर्गातील एखाद्या मुलीचे छायाचित्र तिच्या नकळत काढून चार जणांस पाठविले, तर ते चाळीस जणांकडे जाते, आणि मग पाठविणारा कितीही पस्तावला तरी ते परत येत नाही. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस मोबाईल वापरण्यास बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही शाळेत या साधनाचा उपयोग विद्येस साहाय्य होईल तेवढाच असावा असे सुचविले. नियम शाळा करील; परंतु जेवताना हातातील फोन खाली न ठेवणाऱ्या आईवडिलांनी मुलाकडून तो कोणत्या तोंडाने मागावा?

दुसरी पायरी : न्याय

विद्यार्थ्याकडून सत्यतेची अपेक्षा करणाऱ्या शाळेने त्यास न्याय दिला पाहिजे. एकाच्या अपराधासाठी सबंध वर्गास उभे करणे, सर्वांसमक्ष एखाद्याच्या घरच्या गरिबीचा उल्लेख करणे, हात उगारणे, यांस शिस्त म्हणता येत नाही. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, त्याच्या १७ व्या कलमानुसार, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. गोव्यात तत्पूर्वीच, २००३ च्या बालकविषयक कायद्याने, सर्व शाळांत शारीरिक शिक्षेस बंदी झाली. २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे हे खरे. परंतु आठवीपर्यंत ज्यास मारणे अयोग्य, त्यास नववीत मारणे योग्य कसे ठरेल?

‘छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही’ अशी समजूत आपल्या काही वडीलधाऱ्या वाचकांची असेल. त्यांनी महात्मा गांधींच्या आत्मकथेतील एक प्रसंग आठवावा. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली वसविलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर ते मुलांस शिकवीत. एका दांडगट मुलास त्यांनी एकदा संतापून हातावर रूळ मारला. मारताना ते स्वतःच थरथरले. तो मुलगा सतरा वर्षांचा व धट्टाकट्टा होता. मनात आणिता तर त्याने उलट मारले असते. तो रडला व त्याने क्षमा मागितली. एवढा परिणाम दिसूनही गांधीजींनी त्या कृत्याचे समर्थन केले नाही; त्याचा पश्चात्ताप त्यांनी लिहून ठेविला. मुलगा सुधारला की नाही, एवढ्यावरच त्यांनी आपल्या कृत्याची पारख केली नाही.

मग शिस्त यावी कशी? भारत सरकारने १९५२ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमिला होता. त्याने १९५३ साली केलेल्या शिफारशी आजही वाचनीय आहेत. शिक्षक व विद्यार्थी यांचा व्यक्तिगत संबंध वाढवावा. शाळांत विद्यार्थ्यांची मंडळे असावीत. आणि वर्तनाचे नियम तयार करण्याची व ते पाळले जातात हे पाहण्याची जबाबदारी त्या मंडळांवरच सोपवावी, असे आयोगाने सुचविले. यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. जो नियम दुसऱ्याने घातला तो मोडण्यात मुलास पराक्रम वाटतो. जो आपण मिळून केला तो मोडण्यात लाज वाटते.

विद्यार्थ्यांस उपदेश करण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य सत्य, धर्म व स्वाध्याय यांविषयी सांगतात, मातापितरांचा व अतिथींचा मान ठेवण्यास सांगतात. त्यातच ते असेही सांगून ठेवितात, की आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढेच तू घे, इतर घेऊ नकोस. आपल्यातही न घेण्याजोगे काही असू शकते, हे शिष्यासमोर कबूल करणारा आचार्य त्याच्याकडून आज्ञाधारकपणाहून मोठी अपेक्षा करीत असतो.

शाळेने अन्याय केला असे वाटले, तर पालकांनी काय करावे? प्रथम मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मग शिक्षकांचे ऐकावे. शिक्षा रास्त असेल, तर ती मुलास भोगू द्यावी. वशिल्याने सोडवून आणू नये. रास्त नसेल, तर मुख्याध्यापकांकडे शांतपणे व लेखी तक्रार करावी, आणि मारहाण झाली असेल तर कायद्याचा आधार निःशंकपणे घ्यावा. मात्र जेवणाच्या पानावर बसून शिक्षकांची टवाळी करू नये. ज्याची घरी थट्टा होते, त्याच्यापासून मूल वर्गात काहीही शिकू शकत नाही.

तिसरी पायरी : दुसऱ्याची टरफले

पहिल्या दोन पायऱ्या नियमांनी चढता येतात. तिसरी येत नाही. वर्गातील अशक्त मुलास कोणी छळीत असता मध्ये पडणे, गैरहजर सोबत्यास वही देणे, नळ वाहत असल्यास तो बंद करणे, यांपैकी कशाचीही सक्ती करिता येत नाही. परंतु ज्या शाळेत या गोष्टी घडतात, तीच चांगली शाळा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह सुरू केले, त्यात नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत, आणि आपली कामे आपल्या हातांनी करीत. गांधीजींनी १९२७ साली त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. तेथे बंधुभावाचा तास वेगळा घ्यावा लागत नसे. एका पंक्तीत बसल्याने तो आपोआप होई.

आपल्या समाजास या पायरीचे महत्त्व अधिक आहे. बेळगावात कन्नड, वडोदऱ्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, हैदराबादेत तेलुगू बोलणाऱ्या मुलांसोबत आपली मुले एका बाकावर बसतात. आपल्या मुलाच्या उच्चारास कोणी हसले, की आपणांस राग येतो, व तो योग्य आहे. परंतु नव्याने आलेल्या दुसऱ्या भाषेच्या मुलास आपले मूल हसते काय, याचीही चौकशी आपण केली पाहिजे. ते शाळेत जी भाषा वापरते, तिचे पहिले शब्द त्याने बहुधा घरातच ऐकलेले असतात.

पत्रकाखालच्या सहीकडे आता पुन्हा पाहू. ती सही म्हणजे आपले मूल नीट वागेल अशी हमी नव्हे; तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. तीन गोष्टी आपण आधी पाळू असे ते वचन आहे. आपली चूक घरात मोठ्यांनी प्रथम कबूल करावी. न केलेल्या अपराधाचा ठपका मुलावर ठेवू नये. आणि दाराबाहेर पडलेले टरफल, ते कोणी टाकले हे न विचारता, उचलावे. मुले हे पाहत असतात.

घरी एकत्र बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपण शाळेस लिहिलेल्या मागील तीन चिठ्ठ्यांतील मजकूर खरा होता काय?

२. आपल्या मुलाने वर्गात ‘मी टरफले टाकली नाहीत’ असे सांगितले, तर त्याचे म्हणणे खरे की खोटे हे आपण कसे ठरवू?

३. आपल्या घराचे नियम कोणी केले? त्यांपैकी किती नियम मोठ्यांसही लागू आहेत?

४. या महिन्यात आपल्या मुलाने न सांगता केलेले एक चांगले काम कोणते? ते आपल्या ध्यानात आले होते काय?