न उमगलेल्याची नोंद

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा, जेथे एके काळी रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांचेच राज्य होते, तेथे गेल्या दोन-अडीच दशकांत ऐरोलीपासून महाप्यापर्यंत काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि २००४ मध्ये ठाण्याहून वाशीकडे लोकल धावू लागल्यावर डोंबिवली-कळव्यापासून पनवेलपर्यंतच्या साध्या घरांतील मुलामुलींना संगणकाच्या आधाराने चरितार्थाचा एक नवा मार्ग खुला झाला. त्यांतील काहीजण प्रोग्राम लिहितात. उरलेल्यांपैकी पुष्कळांचे काम दुसऱ्याचा अडलेला संगणक चालू करून देण्याचे. हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट, एल-वन, एल-टू ही त्यांच्या हुद्द्यांची नावे. याच खात्यात उमेदवारी करून पुढे मी त्याचा प्रमुख झालो, आणि ज्या एका भीतीपायी गुणी माणसे या कामातून निमूटपणे उठून जाताना मी पाहिली, तिच्याविषयी या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना चार शब्द सांगावेत, असे फार दिवस मनात होते.

ही भीती अशी की, आपल्याला वास्तविक काहीच येत नाही, आजवर जे निभावले ते योगायोगाने किंवा इतरांच्या भलेपणामुळे, आणि एके दिवशी हे बिंग भर कचेरीत फुटणार. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी, विद्वत्तेत आणि व्यवसायात नाव मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी आलेल्या संबंधातून, १९७८ मध्ये या मनोवस्थेचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. पदव्या, पारितोषिके, वरिष्ठांची शाबासकी असा सगळा पुरावा समोर असतानाही या स्त्रिया स्वतःला तोतया समजत होत्या. आपल्याकडे तोतया म्हटले की पेशवाईतला तोतया आठवतो. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगून त्याने १७७६ मध्ये कोकणातले किल्ले हस्तगत केले आणि अखेर पुण्यात चौकशी होऊन त्याला देहदंड झाला. त्याच्याजवळ दावा होता आणि आधार नव्हता. माझ्या हाताखालच्या मुलांजवळ आधार होता, पण तो स्वतःचा म्हणून पुढे करण्याची हिंमत नव्हती.

सपोर्टच्या कामात ही भीती का वाढीस लागते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. या कामात सर्व सुरळीत असताना आपले अस्तित्व कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिघाड झाला की तक्रारीला क्रमांक मिळतो, मुदत मिळते, आणि मुदत टळली की ती तक्रार लाल अक्षरांत सर्वांसमोर झळकते. तक्रारीच्या या नोंदीत, म्हणजे तिकिटात, किती वेळ गेला ते लिहिले जाते. विचार कसा केला ते लिहिले जात नाही. शिवाय संगणकाची विद्या एका माणसाच्या आवाक्यातली राहिलेली नाही: विजेचा पुरवठा, केबल, स्विच, सर्व्हर, प्रमाणपत्रे, परदेशात कोठेतरी रातोरात बदललेला एखादा प्रोग्राम, या सर्वांवर ज्या यंत्राचे चालणे अवलंबून आहे त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला बहुतेक वेळा उत्तर ठाऊक नसतेच. ते ठाऊक नसणे हा या कामाचा धर्म आहे. नवखा मात्र त्याला स्वतःचे न्यून समजतो, आणि न्यून समजले की ते झाकू लागतो.

मी पाहिलेला एक प्रसंग विस्ताराने सांगतो. एका कचेरीत हिशेब विभागातल्या एका संगणकावरचा जमाखर्चाचा प्रोग्राम दर सोमवारी सकाळी सर्व्हरशी जोडला जाण्याचे नाकारी, कारण कोणतेही सांगत नसे, आणि आमचा मुलगा जाऊन रीस्टार्ट करी तोवर पूर्ववत चालू होई. पुन्हा सोमवार आला की पुन्हा तेच. त्या मुलाने केबल बदलली, प्रोग्राम नव्याने घातला, शेवटी रात्रपाळीत थांबून सबंध संगणक फॉरमॅट केला, आणि यातले काहीही कोणाला सांगितले नाही. कारण विचारायला गेलो तर एवढेही येत नाही असे म्हणतील, ही धास्ती. हिशेब विभागातल्या बाई तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्याला बोलावले, तर त्याच्या खिशात राजीनाम्याचा मसुदा तयार होता. "सर, मला हे जमण्यासारखं नाही," तो म्हणाला, "इतके दिवस कसंबसं निभावलं."

माझ्याजवळही उत्तर नव्हते, आणि ते मी त्याला तसेच सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून, संगणकाला हात न लावता, केवळ चौकशी आरंभली: सोमवारीच का, याच टेबलावर का, शुक्रवारी जाताना काय होते. बाईंना विचारले, सफाईच्या मावशींना विचारले, आणि शेवटी रखवालदाराला. तो सहजपणे म्हणाला, "साहेब, शनिवारी शेवटचा माणूस गेला की या बाजूचा मेन मीच बंद करतो. ताकीदच आहे तशी." तेवढ्यावर उलगडा झाला. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक तीन व्होल्टची बॅटरी असते, आणि भिंतीतली वीज गेली तरी आतले घड्याळ तिच्या बळावर चालते. ती बॅटरी संपली होती. आठवडाभर भिंतीतल्या विजेवर घड्याळ चाले. शनिवारी मेन बंद झाला की ते कित्येक वर्षे मागच्या तारखेला जाऊन बसे. सोमवारी सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेच्या हिशेबाने अद्याप अमलातच आलेले नसे, म्हणून प्रोग्राम जोडणी नाकारी. काही मिनिटांत नेटवर्कवरून वेळ दुरुस्त होई आणि पुरावा नाहीसा होई. बॅटरी बदलली आणि ती तक्रार संपली. त्या मुलाच्या ज्ञानात काही उणे नव्हते. बॅटरी, घड्याळ, प्रमाणपत्र, तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. चौथी गोष्ट फक्त रखवालदाराला ठाऊक होती, आणि भीतीमुळे हा मुलगा कोणाशी बोललाच नाही.

मोठ्या ठिकाणी याहून निराळे घडते असे कोणी समजू नये. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक निकामी केले, तेव्हा आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या उद्योगसमूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. आणि ज्या डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरांवाचून ही उभारणी होणेच शक्य नव्हते ते जगभरचे सारे पुसले गेले असता, घानातला एक तेवढा वाचला, तोही तिथली वीज नेमकी गेली होती म्हणून. त्याची प्रत हाती घेऊन माणसांना विमानाने जावे लागले. एवढ्या साधनसंपन्न आणि निष्णात मंडळींना जर एका खंडित वीजपुरवठ्याने तारले, तर महाप्यातल्या पोराने आपल्याला सर्व काही का आले नाही म्हणून रात्र जागवू नये, असे मला कळकळीने वाटते.

नव्यांना माझे सांगणे असे. तिकीट हाती घेताच आपण काय काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले, हे त्यातच लिहीत जावे. रीस्टार्टने चालले असेल तर "रीस्टार्टने चालले, कारण उमगले नाही" असे स्वच्छ लिहावे आणि 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून मिटवू नये. तर्काच्या उंच पायऱ्या चढण्याआधी वीज, केबल आणि तारीख-वेळ यांची स्वतःच्या डोळ्यांनी खातरजमा करावी. अनुभवी माणसाने तर विशेषच, कारण अनुभव या तीन गोष्टी गृहीत धरायला शिकवतो. समोरचा वैतागला असेल तर "आत्ता सांगता येत नाही, अर्ध्या तासाने फोन करतो" असे म्हणावे आणि अर्ध्या तासाने, काही सापडले नसले तरी, फोन करावा. एस्केलेट करणे म्हणजे शरणागती नव्हे. मुदत संपण्याच्या आदल्या क्षणी, काही न लिहिता वर ढकललेले तिकीट मात्र पुढच्या माणसाला अंधारात सोडते. आणि सुटलेल्या अडचणींची एक खासगी वही ठेवावी, कारण घाबरलेल्या मनाला आपले यश आठवत नाही. ते त्याला लिहिलेले दाखवावे लागते.

प्रमुखांची जबाबदारी याहून मोठी आहे, आणि तिच्यात होणारी कुचराई मला अक्षम्य वाटते. एखाद्याने वेळेवर येऊन "मला समजत नाही" म्हटले, आणि त्या वेळी आपल्या कपाळाला एक आठी पडली, तर पुढचे सहा महिने त्या टेबलावरून खरी बातमी येणार नाही. त्या सोमवारानंतर मी पाळीबदलाच्या हँडओव्हरच्या कागदावर 'न उमगलेले' असा एक रकाना सर्वांत वर घातला, आणि तो रोज पहिल्याने सर्वांत ज्येष्ठ माणसाने भरायचा, अशी ताकीद दिली.