मुलांनी निवडलेला जोडीदार



रविवारची मिस्सा संपते, लोक पांगतात आणि एखादी आई सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळत राहते. "फादर, जरा बोलायचं होतं." मग कळते की मुलाने किंवा मुलीने परस्पर जोडीदार निवडला आहे. मुलगी दुसऱ्या जातीची असते, मुलगा दुसऱ्या धर्माचा असतो, किंवा आपलाच पण "त्या घरातला" असतो. वडील आलेले नसतात. ते घरी कोणाशी बोलत नाहीत.

आपल्या रत्नागिरीत एका बापावर हीच वेळ आली होती. तो साधा माणूस नव्हता, ब्रह्मदेशाचा राजा होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. थिबा पॅलेस आपण सर्वांनी पाहिला आहे, १९१० साली तो तयार झाला. राजाला चार मुली होत्या. राजघराण्याला शोभेल असा वर हद्दपारीत कुठून मिळणार? मुली तिशी ओलांडून गेल्या. दुसऱ्या मुलीचे मन राजाच्याच पदरी असलेल्या एका ब्रह्मी चिटणिसावर बसले. आईवडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. अखेर तिने घर सोडले. त्याच सुमारास, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा वारला. १९१७ मध्ये तिचे लग्न झाले. राणी १९१९ साली रंगूनला परतली. ही मुलगी मात्र पुढे पतीसह कालिंपाँगला राहिली आणि १९५६ मध्ये तेथेच वारली. राज्य गेले, सिंहासन गेले, पण घराण्याची प्रतिष्ठा सोडवली नाही.

थोरल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिचे नाते राजवाड्याच्या दरवानाशी जुळले, आणि तो आधीच विवाहित होता. तेथे आईवडिलांचे दुःख रास्त होते, असे मला वाटते. म्हणून पहिला प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: माझा विरोध कशाला आहे? तो व्यसनी आहे, खोटे बोलतो, त्याचे आधी लग्न झाले आहे, हे एक कारण. लोक काय म्हणतील, हे दुसरे. पहिले कारण असेल तर जरूर बोला, पुराव्यानिशी बोला. दुसरे असेल तर ते मुलाच्या गळ्यात बांधू नका.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत अनेकांना वाटते त्याहून मोकळी आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास वाचला, तेव्हा मीही चकित झालो होतो. तेराव्या शतकातला हा संत म्हणतो की लग्न करावे की अविवाहित राहावे, या बाबतीत मुले आईवडिलांच्या आज्ञेला बांधील नाहीत. आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले लग्न केवळ त्या कारणाने रद्द ठरते, हे मत ट्रेंट विश्वपरिषदेने १५६३ मध्ये साफ नाकारले. आजच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (२२३०) हेच आहे: आईवडिलांनी जोडीदाराच्या निवडीत दडपण आणू नये, पण शहाणपणाचा सल्ला अवश्य द्यावा.

आणि "तू त्याच्याशी लग्न केलेस तर मी जीव देईन" असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. अशा धाकाने मुलीला तुम्ही दुसऱ्याच बोहल्यावर उभे केलेत, तर ते लग्न मुळातच अवैध ठरू शकते (कॅनन ११०३). संमती वधूवरांची लागते. ती दुसरा कोणी देऊ शकत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात रिबकेचे लग्न ठरवून झाले होते, तरी या माणसाबरोबर जातेस का, हे तिला विचारूनच पाठवले (२४:५७-५८). गंमत पाहा, तीच रिबका पुढे एसावच्या हित्ती बायकांमुळे कष्टी झाली (२६:३५). सासू झाल्यावर आपली सून होतानाची आठवण राहत नाही.

जोडीदार बाप्तिस्मा न घेतलेला असेल तर महागुरुस्वामींकडून सूट मिळवावी लागते. आपल्या मुलाने किंवा मुलीने स्वतःची श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथॉलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या पक्षाला ते वचन कळवले जाते, त्याच्याकडून धर्मांतर मागितले जात नाही. सूट न घेता नुसते रजिस्टर लग्न केले तर ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाह होत नाही. पण आईवडिलांनी दार लावून घेतले की मुले बहुधा हाच रस्ता धरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

माझ्या वडिलांनी दोन वर्षे माझ्या बहिणीच्या सासरी पाणीही घेतले नाही. मी तेव्हा सेमिनरीत होतो. घरी पत्र लिहायला हवे होते, ते मी लिहिले नाही. नातू झाल्यावर वडील स्वतःच गेले, हातात फणस घेऊन. त्या दोन वर्षांबद्दल आमच्या घरात आजही कोणी बोलत नाही.

ज्यांच्या घरी सध्या असा विषय चालू आहे, त्यांनी तारीख ठरण्याआधीच भेटावे. सायंकाळी मी चर्चमध्ये असतो. शक्यतो मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा, आणि जमले तर त्या दुसऱ्या व्यक्तीलाही. वडील येणार नसतील तर सांगा, मी घरी येईन.