आजचा दिवस खर्र्याविना

आधीच सांगून टाकतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत वर्गात मराठी बोललं की फाईन बसायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचा विचार केला होता, पण पहिल्याच ओळीत अडलो. 'खर्रा'ला इंग्लिशमध्ये शब्दच नाही!

रात्री मेसमधून बाहेर पडलं की काय होतं, ते हॉस्टेलच्या मुलांना सांगायची गरज नाही. कोणीतरी म्हणतो, "चल बे, ठेल्यावर." पानठेल्यावरचा भाऊ न विचारताच पन्नीवर सुपारी घेतो, तंबाखू टाकतो, चुना लावतो आणि घोटायला लागतो. तो घोटेपर्यंत गप्पा रंगतात. मग एका पुडीत चौघं. फर्स्ट इयरला मी पहिल्यांदा ठेल्यावर गेलो तो खर्र्यासाठी गेलोच नव्हतो. नवीन होतो, एकटा होतो, आणि सिनिअर्स तिथं उभे राहून हसत होते म्हणून गेलो. थर्ड इयरपर्यंत माझ्या दिवसाला तीन-चार पुड्या झाल्या.

थोडं शास्त्र बघू. आपण इंजिनिअरिंगचे असूनही आपण काय खातो याचं मेकॅनिझम आपल्याला माहीत नसतं. तंबाखूत निकोटीन असतं. चुना अल्कली आहे, त्यामुळे निकोटीन अशा रूपात येतं की ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून पटकन रक्तात शिरतं. म्हणजे चुना चवीसाठी नाही, तो डिलिव्हरी सिस्टिम आहे. सुपारीची गोष्ट वेगळी. "मी तंबाखू कमीच टाकायला सांगतो" असं म्हणणारे माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांनी हे नीट वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतू जमा होतात, गाल कडक होतात आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. खाणं बंद केलं तरी कडक झालेला गाल आपोआप पूर्वीसारखा मऊ होत नाही, आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.

एक टेस्ट आत्ताच करा. मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. तिखट लागलं की तोंडात आग होणं हीसुद्धा सुरुवातीची खूण असते. बोटं जात नसतील तर डेंटिस्टकडे जा. उद्याच जा, सेमिस्टर संपायची वाट बघू नका.

मला हे पाणीपुरीनं सांगितलं. मित्राच्या बर्थडेला आम्ही पाणीपुरी खायला गेलो आणि अख्खी पुरी माझ्या तोंडात जाईना. सगळे हसले, मीही हसलो. रूमवर येऊन आरशासमोर बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडकलं.

2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि तंबाखू तोंडात ठेवणारे, चघळणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्या राज्यात प्रश्न सिगारेटचा कमी आणि पुडीचा जास्त आहे. तरी आपल्याकडची पोस्टर्स बघा, त्यावर सिगारेटच असते! राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. 2003 च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आपल्या गेटपासून ठेला किती यार्डांवर आहे, हे सिव्हिलच्या मुलांनी टेप घेऊन मोजावं.

मी शपथ घेतली. 31 मे, तंबाखूविरोधी दिन, हात पुढे करून सगळ्यांसोबत मोठ्यानं, "आयुष्यात कधीही..." चार दिवस टिकली. निकोटीन सुटताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. चिडचिड होते, डोकं जड होतं, झोप लागत नाही, पुस्तकात लक्ष लागत नाही. हे तीन-चार आठवड्यांत उतरतं, पण मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, माझी विलपॉवरच नाही. आणि एकदा तसं वाटलं की ठेला जवळच होता.

कंट्रोल सिस्टिम्स शिकताना माझ्या डोक्यात आलं की शपथ म्हणजे ओपन लूप. एकदा इनपुट दिलं आणि विसरलो. आउटपुट बघायला सेन्सरच नाही. मग क्लोज्ड लूप कसा असतो? त्याचं उत्तर मला लायब्ररीत डॉ. अनिल अवचटांच्या लेखनात सापडलं.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगर आली तेव्हा अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत देऊ केली आणि 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं आणि चालवलं ते मात्र मुख्यतः डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. 1997 मध्ये त्या गेल्या, अनिल अवचट 2022 मध्ये गेले, केंद्र चालूच आहे. तिथं व्यसनाकडे आजार म्हणून बघतात. मारणं नाही, अपमान नाही. बरे झालेले लोक तिथंच काम करतात, आणि व्यसन सुटून एक वर्ष झालं की त्याचा वाढदिवस करतात. म्हणजे वय नव्यानं मोजायला लागतात! (आपल्या गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरूनच जाते, हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

अवचट स्वतः लाकडात कोरीवकाम करायचे, ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे. आधी मला वाटलं, मोठ्या माणसाचे छंद, आपला काय संबंध? पण नंतर लक्षात आलं. दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या माणसाला स्वतःला सांभाळायला काहीतरी हातात लागत असणार. 'सेल्फ केअर' हा शब्द आपण साबणाच्या जाहिरातीत ऐकतो. त्याचा खरा अर्थ इतका साधा असावा.

मुक्तांगणसारख्या ठिकाणी 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र ऐकायला मिळतं. ते मूळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं. त्याची सुरुवात मला फार आवडते. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेत ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सोडून काहीच महिने झाले होते. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, समोर बार. त्यानं काय केलं, तर फोन उचलला आणि एका चर्चमधून दुसऱ्या दारुड्याचा पत्ता मिळवला. तो निघाला डॉ. बॉब, एक सर्जन. दोघं तासन्‌तास बोलले. बिल उपदेश करायला गेलाच नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. त्या दोघांतून पुढे जगभर पसरलेली संघटना उभी राहिली.

त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, पण 'आपल्याला जसा समजला तसा' अशी सूट ठेवली आहे. ज्याला देव मान्य नाही तो ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानू शकतो. आणि दहावी पायरी म्हणजे रोज स्वतःचा हिशेब बघायचा, चूक झाली असेल तर लगेच कबूल करायची. हाच माझा सेन्सर! आमच्या शाळेत असेंब्लीला रोज डोळे मिटून प्रेअर म्हणायचो. दहा वर्षं म्हटली आणि एकदाही स्वतःकडे बघितलं नाही. अध्यात्म म्हणजे काय हे सांगण्याइतका मी मोठा नाही, पण डोळे मिटण्यापेक्षा खरं बोलणं जास्त कठीण आहे, एवढं मला समजलं.

आणि यासाठी अमेरिकेतच जायला पाहिजे असंही नाही. गाडगेबाबा आपल्या विदर्भाचे, 1876 चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी गेले, लहानपण मामाकडे गुरं राखण्यात गेलं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत होती, त्यांनी गोड जेवण वाढलं. भाऊबंद रागावले. पुढे ते गावात गेले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. लोकांचं उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. आधी हात, मग तोंड हा क्रम मला पटतो. मी सोडायला लागलो तेव्हा हातांचंच काय करायचं हा प्रश्न होता. रात्री नऊ वाजता हात आपोआप खिशात जायचा. त्या वेळेला मी रूम झाडायला लागलो. रूममेटला वाटलं, हा लव्हमध्ये पडला!

प्रॅक्टिकल सांगतो. तलफ येते ती लाटेसारखी, थोड्या मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात पाणी पिणं, कॉरिडॉरमध्ये चालणं, कोणाला तरी फोन करणं. व्यसनमुक्तीच्या गटांत एक इंग्लिश शब्द वापरतात, 'हॉल्ट'. हंग्री, अँग्री, लोनली, टायर्ड या चारांची पहिली अक्षरं. यातलं काही असलं की माणूस घसरतो. आपल्या सबमिशनच्या रात्री हे चारही एकदम असतात! मेस बंद, एचओडींवर राग, रूममेट घरी गेलेला, आणि जर्नल अर्धं. मी घसरलो तो अशाच रात्री, एकविसाव्या दिवशी. सकाळी वाटलं, एकवीस दिवस वाया. पण मोजणी आजच्या दिवसाची असेल तर काल काय झालं याचा आजच्या हिशेबात फक्त एकच उपयोग, की सबमिशनच्या आधी जेवून घ्यायचं. आता पेपरच्या काळात आमच्या रूमवर भाजलेले शेंगदाणे आणि सौंफ असते. कोणीही या.

निकोटीन गम मिळतं, पण तोंड आधीच कडक झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दारूचं वेगळं आहे. जो रोज भरपूर पितो त्यानं एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नये, थरथर, झटके येऊन जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरच पाहिजेत. तंबाखूसाठी राष्ट्रीय क्विटलाईन 1800-11-2356, मन फारच खचलं असेल तर टेलिमानस 14416. दोन्ही फुकट आहेत. मी क्विटलाईनला फोन केला तेव्हा नाव सांगायला घाबरलो होतो. पलीकडच्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, जेवलास का.

वॉर्डन सरांना आणि स्टाफला एक विनंती. पुडी सापडली की फाईन लावता, तो लावा. पण फाईन भरून मुलगा पुन्हा ठेल्यावरच जातो, आणि आता चोरून जातो. शेजारच्या गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' चाललंय, त्यात गावोगावच्या बायकाच पुढे होऊन दारू-खर्रा बंद करतात. आपल्या हॉस्टेलमध्ये आठवड्यातून एक तास टीव्ही रूम द्या. सोडायची इच्छा असलेली चार मुलं बसतील. रजिस्टरवर नाव नको.

आता शेवटचं. मी हे सगळ्यात आधी सांगितलं ते आजीला. आईला सांगायची हिंमत नव्हती. आजी गावाकडे, आमगावजवळ राहते आणि रोज सकाळी गुडाखू घासते. सुट्टीत तिच्याजवळ बसलो होतो, म्हटलं, "आजी, मी खर्रा खातो. तोंड उघडत नाही." ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मीच सोडली नाही, तुले कोणत्या तोंडानं सांगू बाबू?"

तेव्हापासून ती रोज रात्री नऊला फोन करते. बरोबर ठेल्याच्या टायमाला. एकच शब्द विचारते, "आज?"

"आज नाही. तुझं?"

"सकाळी एकडाव घासली. संध्याकाळची राहू देली."