हलत्या चित्रांचा संसार

दूरदर्शन संच घरोघरी आले, त्यास आता बराच काळ लोटला. अभ्यास आटोपल्यावर, आणि पुष्कळदा तो आटोपण्यापूर्वीच, मुले कार्टून पाहावयास बसतात. आणि ‘यात वेळ दवडण्यापलीकडे काय आहे?’ हा पालकांचा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढे वारंवार येतो. या प्रश्नास केवळ ‘पाहू नका’ असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु जी वस्तू आपण पारखून पाहिली नाही, तिला वाईट म्हणणे किंवा चांगली म्हणणे सारखेच अन्यायाचे होय. म्हणून या लेखात आम्ही एकच मालिका, आणि तिचेही केवळ पहिले पर्व, अभ्यासासाठी घेणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की घरगुती प्रसंगांवर हसण्याची रीत आपणांस नवी नाही. दिवाळीनंतर आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते. तेथे नवरा-बायकोची कुरबूर पाहून लोक पोट धरून हसतात, कारण ती कुरबूर त्यांच्या स्वतःच्या ओसरीवरची असते. चिं. वि. जोशी यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ यांच्या कथांतून मध्यमवर्गीय संसाराचे असेच हसरे चित्र रेखाटले. मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्या केंद्राने पुढे त्याच दशकात या कथांवर मालिका सादर केली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते. तेच कुटुंब, तेच घर, आणि प्रत्येक भागात नवी फजिती, ही अशा प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेची घडण होय. आता अशी कल्पना करावी की चिमणरावाच्या जागी नट नसून कागदावर काढलेले चित्र आहे. मग या लेखाचा विषय आपल्यापुढे उभा राहतो.

परंतु निर्जीव चित्र चालते-बोलते कसे होते? या विद्येचा आरंभ आपल्या देशात एका मराठी माणसाने केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची एकेक चौकट टिपीत राहिले. ती पट्टी पडद्यावर धावू लागताच काही क्षणांत दाण्याचे रोप झाले! भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी केलेला हा प्रयोग होता. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्या किंचित सरकवावयाच्या, एक चौकट टिपावयाची, पुन्हा सरकवावयाच्या. आणि पाहणाऱ्यास वाटावे की काड्या आपण होऊन नाचत आहेत. एकामागून एक झरझर येणाऱ्या स्थिर चित्रांतील अंतर आपली दृष्टी व बुद्धी मिळून भरून काढतात. सारी किमया एवढीच आहे.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे वही उघडावी. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदास २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींपर्यंत ठेवण्याचा प्रघात धरला, तर सेकंदास १२ चित्रे लागतात. २२ मिनिटांच्या भागास १,३२० सेकंद, म्हणजे १५,८४० चित्रे झाली. तुमच्यापैकी एखाद्याने रोज २० चित्रे काढली, तर त्यास ७९२ दिवस, दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. पार्श्वभूमीचे चित्र तेच राहते, कित्येकदा केवळ ओठच हलतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळच मानावा. तथापि आपण जे अर्ध्या तासात पाहून विसरतो, त्यामागे किती हात राबतात, हे यावरून कळून येईल.

आता मुख्य विषयाकडे वळू. कुटुंबाच्या संसारावर रचलेल्या कार्टून मालिकांत जिची कीर्ती जगभर पसरली, ती अमेरिकेतील ‘द सिम्प्सन्स’ ही मालिका होय. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने ती कल्पिली. आळशी व खादाड पण मनाचा मोकळा असा बाप होमर, सोशिक आई मार्ज, दहा वर्षांचा खोडकर बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा, आणि तान्ही मॅगी, असे हे कुटुंब. बार्टखेरीज ही नावे ग्रेनिंग यांनी आपल्याच आईबापांची व बहिणींची घेतली. १९८७ पासून ही मंडळी दुसऱ्या एका कार्यक्रमात लहान लहान तुकड्यांतून दिसत होती. स्वतंत्र मालिकेचे पहिले पर्व १७ डिसेंबर १९८९ ते १३ मे १९९० या काळात १३ भागांत प्रसृत झाले.

या पर्वाच्या जन्माची कथा विद्यार्थ्यांनी अवश्य जाणावी. मुख्य चित्रे अमेरिकेत काढली जात, आणि मधली चित्रे व रंगकाम दक्षिण कोरियात होई. जो भाग सर्वांत आधी तयार होऊन आला, तो पाहून निर्मात्यांचा विरस झाला. दार लावले की ते रबरासारखे वाकावे, असा प्रकार होता. सामान्य कार्टूनमध्ये ते खपले असते. परंतु येथे घर खरे वाटले नाही, तर घरातील माणसांचे सुखदुःखही खरे वाटले नसते. म्हणून त्या भागाचे बरेचसे काम पुन्हा करण्यात आले, मालिकेचा आरंभ लांबला, आणि जो भाग पहिला व्हावयाचा, तो शेवटचा, म्हणजे तेरावा झाला. मालिकेची सुरुवात नाताळच्या भागाने करण्यात आली. विनोद हा सत्याच्या पायावरच उभा राहतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

हा पाया कथांतही दिसतो. नाताळच्या भागात होमरला वर्षअखेरचा बोनस मिळत नाही आणि मार्जने जमविलेली पुंजी बार्टच्या एका खोडीपायी खर्च होते. बाप घरी काही न सांगता नाताळबाबाचा वेष घेऊन दुकानात काम करतो. मिळकत होते अवघी १३ डॉलर. तीही कुत्र्यांच्या शर्यतीत हरतो, आणि मालकाने हाकलून दिलेला, शेवटचा आलेला कुत्रा घेऊन घरी परततो. घरच्यांस तीच भेट सर्वांत प्रिय होते. सणाच्या तोंडावर ज्या बापाचा हात रिकामा राहिला आहे, त्यास ही कथा परकी वाटणार नाही.

दुसऱ्या भागात बार्ट बुद्धिमापन परीक्षेत हुशार मुलाच्या उत्तरपत्रिकेशी आपली बदलतो आणि असामान्य मुलांच्या शाळेत जाऊन पडतो. तेथे त्यास काही उमगत नाही. जुने सोबतीही दुरावतात. बापाचे प्रेम मात्र अचानक वाढते, आणि हेच बार्टचे खरे संकट होय. कारण ते प्रेम खोट्या गुणांवर उभे आहे. अखेर तो सत्य सांगून टाकतो. गुणपत्रिका पाहूनच मुलास जवळ घेणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी या भागातून मुलांहून अधिक शिकावे.

लिसाच्या भागात मुलगी उगाच उदास असते. आई तिला आपल्या आईने दिलेलाच उपदेश करते, की मनात काही असो, चेहऱ्यावर हसू असावे. परंतु त्या खोट्या हसण्याचा इतर जण गैरफायदा घेत आहेत, हे पाहताच ती गाडी मागे फिरविते आणि लेकीस सांगते, की तुला उदास राहावेसे वाटले तर खुशाल राहा, आम्ही तुझ्याजवळ आहोत. हे ऐकल्यावर लिसा खरेखुरे हसते.

आणखी एका भागात बार्ट फ्रान्समध्ये जातो. तेथे दोन द्राक्षमळेवाले त्यास गुलामासारखे राबवितात व मद्यात विषारी द्रव्य मिसळतात. पोलिसास सांगावे तर भाषा येत नाही! आणि निराशेने पुटपुटत असता त्यास उमगते की आपण फ्रेंचच बोलत आहोत. भाषा कानांवाटे कशी नकळत अंगी मुरते, हे घरी झाडीबोली व शाळेत प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांस निराळे सांगावयास नको.

या मालिकेवर आक्षेपही आले, आणि ते पोकळ नव्हते. अभ्यासात मागे राहण्याचा अभिमान मिरविणारी बार्टची वाक्ये छापलेल्या सदऱ्यांवर १९९० मध्ये अमेरिकेतील काही शाळांनी बंदी घातली. शिवाय पहिल्या पर्वातील एकदोन भाग पतिपत्नींमधील बेबनावाचे असून ते प्रौढांसाठीच आहेत. चित्र आहे म्हणून ते बाळबोधच असेल, असे समजणे चुकीचे होय. तथापि सदऱ्यावरील बार्ट व कथेतील बार्ट हे एक नव्हेत. सदऱ्यावर केवळ उद्दामपणा उरतो; कथेत मात्र त्या उद्दामपणाचे फळही दाखविलेले असते. निम्मीच गोष्ट उचलणाऱ्यास निम्मेच शिक्षण मिळते, आणि तेही बहुधा वाईट निम्मे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की मुलांस संचापुढे एकटे सोडून देऊ नये, आणि संच बंद करून विषय संपला असेही मानू नये. आठवड्यातून एकदा त्यांच्याजवळ बसावे, भाग निवडून पाहावा, आणि तो संपल्यावर एकच प्रश्न विचारावा, ‘तू कशाला हसलास?’ मंडईतील नाटकावरून परतताना बैलगाडीत साऱ्या घराने जी चर्चा करावी, तिचीच ही नवी जागा होय. मूल दुसऱ्याच्या दुःखास हसले की त्याच्या ढोंगास हसले, हे ज्या बापास ठाऊक आहे, त्यास मुलाच्या मनाची वाट ठाऊक आहे.

अभ्यासासाठी

१. जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर उगवत्या रोपाची २४ चित्रे काढा. पाने झरझर सोडून काय दिसते, ते लिहा. पाने सावकाश सोडल्यास काय फरक पडतो?

२. दहा मिनिटांच्या चित्रपटास सेकंदास १२ प्रमाणे किती चित्रे लागतील?

३. सर्वांत आधी तयार झालेला भाग शेवटी का दाखविण्यात आला? अशा वेळी काम पुन्हा करणे योग्य की मुदत पाळणे योग्य? सकारण उत्तर द्या.

४. तुमच्या घरातील एखाद्या गमतीच्या प्रसंगाचा दहा ओळींचा संवाद लिहा. त्यात कोणाचाही अपमान होऊ नये, आणि ज्याच्यावर विनोद आहे, त्यासही तो वाचून हसू यावे.