शेवटच्या बाकावरून दिसणारं लोणार

हे बघ राणी, लोणारच्या विवराच्या काठावरून पावसाचं पाणी वळवण्याचा तुझा प्रोजेक्ट मला मनापासून आवडलाय. शीटही नेटकी काढलीस. म्हणूनच सांगते, ती ए-वनची अख्खी शीट स्लाइडवर चिकटवू नकोस. ए-वन ८४१ मिलिमीटर रुंद, आणि पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड जेमतेम ३३९. म्हणजे तुझं अडीच मिलिमीटरचं अक्षर तिथे एक मिलिमीटरचं होतं. हॉल शेगावचा असो, चिखलीचा असो की मलकापूरचा, शेवटच्या बाकावरून ते कुणालाही वाचता येणार नाही. आणि वाचता आलं नाही की माणूस ऐकणंही सोडतो गं.

त्यापेक्षा स्लाइडसाठी वेगळा लेआउट कर. या स्लाइडवर काय दाखवायचंय ते एकच ठरव. गटारांचा उतार ना? मग मापांचा लेयर बंद, झाडांचा बंद, टायटल ब्लॉक तर नकोच. दाट हॅचही काढ. लहान झाल्यावर त्याचा नुसता काळा डाग दिसतो. उरलेली अक्षरं स्लाइडवर सहा मिलिमीटरच्या आसपास येतील इतकी मोठी कर.

विवराच्या छेदाकडे मात्र जास्त लक्ष दे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर. स्लाइडवर रुंदीला ३० सेंटिमीटर दिलेस तर खोलीला अडीच सेंटिमीटरच मिळतात. काठावर उभं राहून खाली पाहताना छाती दडपते, आणि कागदावर ते उथळ ताट! खोली नुसती ताणून मोठी करू नकोस. आधी खऱ्या प्रमाणातला छेद दाखव, मग पुढच्या स्लाइडवर खोली तिप्पट केलेला, आणि 'उभं प्रमाण तिप्पट' असं त्यावर ठळक लिही. एवढा प्रामाणिकपणा परीक्षकांच्या लगेच लक्षात येतो. '१:६०००' हा आकडाही पुसून टाक, कारण पडद्यावर चित्र केवढं होईल ते तुझ्या हातात नसतं. त्याऐवजी ५०० मीटरची मोजपट्टी काढ. चित्रासोबत तीही लहानमोठी होते. तिप्पट केलेल्या छेदात उभी पट्टी वेगळी हवी, बरं का.

आता चित्र बाहेर कसं काढायचं ते. काळ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घेऊ नकोस. ऑटोकॅडमध्ये प्लॉट उघड, प्रिंटरच्या यादीतून 'पब्लिश टू वेब पीएनजी' निवड आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ३८४० बाय २१६० पिक्सेलचा स्वतःचा कागद तयार कर. चित्र पांढऱ्या कागदावर येतं. जेपीजी टाळ, फोटोला ते चांगलं, पण बारीक रेषेच्या कडेला मळकट ठिपके सोडतं.

पिवळ्या रेषा पांढऱ्यावर दिसतच नाहीत, म्हणून प्लॉट स्टाइल 'मोनोक्रोम' ठेव, सगळं काळं येईल. गटारं तेवढी निळी हवीत? त्यांच्या लेयरला इंडेक्सच्या २५५ रंगांतला रंग न देता 'ट्रू कलर'मधला दे. मोनोक्रोम त्याला हात लावत नाही. ही युक्ती फार कामाची आहे, माझ्या मते तर सगळ्यात कामाची. रेषांची जाडीही वाढव: १९२० पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर एक पिक्सेल म्हणजे स्लाइडचे साधारण ०.१८ मिलिमीटर, आणि ए-वनवरची ०.१८ची रेषा तिथे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही बारीक होते.

पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं दाबतं. ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्डखाली, फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूण आहे, ती चित्रं टाकायच्या आधीच कर. मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवशील तेव्हा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आदल्या दिवशी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून घे आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बस. तिथून जे दिसणार नाही ते त्याच रात्री बदल.

आणि मूळ ए-वनची पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडी ठेव. गटाराची मापं विचारलीच, तर तिथे जाऊन झूम कर आणि बोट ठेवून दाखव.