ख्रिस्ती कुटुंबाने हॅलोविन साजरा करावा का?



ऑक्टोबर संपत आला की आता आपल्या शहरांतही मॉलमध्ये कोरलेले भोपळे आणि भुतांचे मुखवटे दिसतात. शाळेत किंवा सोसायटीत हॅलोविन पार्टी ठरते आणि मूल घरी येऊन विचारतं, "मी जाऊ का?" ख्रिस्ती घरात बहुधा दोनच उत्तरं मिळतात : "अजिबात नाही!" नाहीतर "जा, त्यात काय एवढं?" दोन्हींतून मूल काहीच शिकत नाही. म्हणून आधी या दिवसाची माहिती घेऊ.

नाव कुठून आलं?

या नावातल्या 'हॅलो'चा फोनवरच्या हॅलोशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पवित्र जन, म्हणजे संत. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांची आठवण करतात. वसईत, गोव्यात त्या सुमारास कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, ती याचसाठी.

दुसरा धागा आयर्लंड-स्कॉटलंडचा. तिथे सुगी संपून हिवाळा लागताना जुना केल्टिक सण असे. त्या रात्री आत्मे फिरतात, असा लोकसमज होता. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला.

शास्त्र काय सांगतं?

बायबलमध्ये हॅलोविनचा उल्लेख नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट आहेत.

पहिली : अनुवाद १८ मध्ये जादूटोणा आणि मृतांना विचारणं सक्त मना केलं आहे. तेव्हा प्लँचेटसारखे आत्मे बोलावण्याचे खेळ 'गंमत म्हणून'सुद्धा नकोत.

दुसरी : मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, असा प्रश्न करिंथच्या मंडळीत होता. मूर्ती काहीच नाही हे पौलाला मान्य होतं. पण आपल्या मोकळेपणामुळे दुबळ्या मनाचा भाऊ अडखळू नये, असं त्याने बजावलं. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात तो म्हणतो की अशा बाबतींत एकमेकांना दोष लावू नका.

आपल्याकडे हे फार जवळचं आहे. भूतबाधा, मांत्रिक, उतारे यांच्या धाकात वर्षं काढून प्रभूकडे आलेली कुटुंबं आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांच्यासाठी भुताचा मुखवटा हा खेळ नसतो. ज्या मुलाची आजी नुकतीच गेली, त्यालाही सांगाडा बघून हसू येत नाही.

मग करायचं काय?

माझं मत असं : रंगीत पोशाख घालून खाऊ वाटून खाल्ला म्हणून विश्वास बुडत नाही. मात्र रक्त, क्रूरपणा आणि आत्म्यांचे खेळ असतील तिथे मुलाला पाठवू नये.

१. नकार देण्याआधी विचारा : तिथे काय काय होणार आहे?

२. पाठवायचं नसेल तर कारण समजावून सांगा. जाणाऱ्या मुलांना 'सैतानाची' म्हणायला शिकवू नका.

३. पाठवलंत तर परतल्यावर विचारा : कशाची भीती वाटली? मग सोबत प्रार्थना करा.

४. दुसऱ्या दिवशी एखाद्या संताची गोष्ट सांगा. प्रोटेस्टंट घरांत ३१ ऑक्टोबर १५१७ ची आठवण काढता येईल. त्या दिवशी मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले होते.

५. जमलं तर मुलाला आजी-आजोबांच्या कबरीपाशी न्या. ती कशी होती, काय रांधायची, कोणतं गीत गायची, हे सांगा.

मेलेल्या माणसांना घाबरायचं नसतं, ती प्रभूच्या हातात आहेत, हे मुलाला तिथे उभं राहून जितकं कळेल तितकं आपल्या भाषणाने कळणार नाही. पार्टीला जायचं की नाही हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवूया.