आनंदाने देणारा
(२ करिंथ ८-९)

येरुशलेममधील गरीब बंधुभगिनींसाठी संत पौल वर्गणी गोळा करीत होता. करिंथ हे व्यापाराचे शहर. तरीही त्याने करिंथकरांपुढे आदर्श ठेवला तो मासेदोनियातील गरीब ख्रिस्तमंडळ्यांचा. त्या दारिद्र्यात व छळात होत्या, तरी त्यांनी ऐपतीपलीकडे दिले आणि या सेवेत आपल्याला वाटा मिळावा म्हणून विनवणी केली.

हे कसे घडले? पौल कारण सांगतो: त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला वाहिले. पैसा त्यामागून आला.

आपला क्रम पुष्कळदा उलटा असतो. आपण पाकीट देतो आणि स्वतःला राखून ठेवतो. म्हणून देताना मन कुरकुरते, किंवा देणगीदारांच्या यादीत आपले नाव आहे ना, इकडे डोळा लागतो. पौलाने वापरलेल्या 'हिलारोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रसन्न. ही प्रसन्नता वरवर आणता येत नाही; ती बदललेल्या अंतःकरणातून येते.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिनने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. तेथे जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी असे. वेदी आणि गरीब यांची ताटातूट तेव्हा नव्हती.

आज भाकर व द्राक्षारस वेदीकडे नेले जातील, तेव्हा आपण स्वतःला विचारू या: प्रभूपासून आपण काय राखून ठेवले आहे? भावाशी धरलेला अबोला? बांधावरून चाललेले वैर? प्रथम ते अर्पण करू या. मग थैलीत पडणारे थोडेसुद्धा आनंदाने पडेल.